जनुकीय बदल आणि क्लोनिंग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जनुकीय बदल आणि क्लोनिंग या एकाच गोष्टी आहेत का?

नाहीत, आणि या विषयावरच्या बऱ्याच वादांतला गोंधळ इथूनच सुरू होतो. क्लोनिंग म्हणजे एखाद्या सजीवाची जनुकीय नक्कल तयार करणे. त्यात मूळ आराखड्यातले एक अक्षरही मुद्दाम बदललेले नसते. जनुकीय बदलात मात्र आराखड्यालाच हात घातला जातो : डीएनएमध्ये दुसऱ्या सजीवाचे एखादे जनुक आणून बसवले जाते, असलेले जनुक बंद केले जाते किंवा त्यातली मोजकी अक्षरे बदलली जातात. अर्थात ही दोन्ही तंत्रे एकाच प्राण्यावर वापरता येतात. १९९७ साली स्कॉटलंडमध्ये जन्मलेली पॉली ही मेंढी क्लोनिंगने तयार झाली होती आणि तिच्या पेशींत रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या एका मानवी प्रथिनाचे जनुकही घातलेले होते. हे प्रथिन दुधातून मिळवून हिमोफिलियाच्या रुग्णांसाठी वापरावे, असा त्यामागचा विचार होता.

क्लोनिंग हे प्रयोगशाळेतून आलेले नवे तंत्र आहे ना?

प्राण्यांपुरते तसे म्हणता येईल, वनस्पतींच्या बाबतीत नाही. ‘क्लोन’ हा शब्दच डहाळी या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून १९०३ साली घेतला गेला, आणि तोही शेतीच्या संदर्भात. हापूसची कोय पेरली तर येणारे झाड हापूसचे गुण जसेच्या तसे देईल याची खात्री नसते, म्हणून कोकणात हापूसची लागवड कलमांनीच होते. याचा अर्थ असा की रत्नागिरी-देवगडच्या बागांतली कलमे ही मूळच्या मोजक्या झाडांची पिढ्यान्‌पिढ्या काढलेली प्रतिरूपे आहेत. उसाचे बेणे, डाळिंबाची गुटी, द्राक्षाची कलमे, केळीचे मुनवे हे सगळे याच जातीचे प्रकार होत.

जळगावकडे लावली जाणारी टिश्यूकल्चरची केळी म्हणजे जनुकीय बदल केलेली केळी, असा समज अनेकांच्या मनात घट्ट बसलेला आढळतो. ती रोपे बाटलीत, निर्जंतुक माध्यमावर वाढवलेली असतात, एवढाच फरक. त्यांच्या जनुकांत काही घातलेले नसते. या पद्धतीची खरी जोखीम वेगळी आहे. सर्व झाडे जनुकीयदृष्ट्या सारखी असली की एका झाडाला मारणारा रोग सगळ्यांना मारू शकतो. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जागतिक व्यापारात ग्रो मिशेल या केळीचे राज्य होते. पनामा मर रोगाने ते संपवले आणि तिच्या जागी कॅव्हेंडिश गटातल्या जाती आल्या. आज त्याच बुरशीचा नवा प्रकार कॅव्हेंडिशच्या मागे लागला आहे.

मग प्राण्यांचे क्लोनिंग इतके अवघड का ठरले?

वनस्पतीच्या डहाळीतून पूर्ण झाड उभे राहते, परंतु गाईच्या कातडीच्या तुकड्यातून गाय उभी राहत नाही. शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत संपूर्ण जनुकसंच असतो, मात्र पेशी एकदा त्वचेची किंवा यकृताची झाली की तिच्या कामाची नसलेली जनुके बंद होऊन बसतात. ही बंद झालेली जनुके पुन्हा आरंभीच्या स्थितीत नेता येतील का, हा खरा प्रश्न होता. जर्मन जीवशास्त्रज्ञ हान्स श्पेमान यांनी १९३८ साली केंद्रक काढून टाकलेल्या बीजांडात दुसऱ्या पेशीचे केंद्रक घालून पाहण्याची कल्पना मांडली. १९५२ मध्ये फिलाडेल्फियात रॉबर्ट ब्रिग्ज आणि थॉमस किंग यांनी बेडकाच्या भ्रूणपेशींवर ती साध्य करून दाखवली. पुढे ऑक्सफर्डमध्ये जॉन गर्डन यांनी बेडकाच्या पिलाच्या आतड्यातील, म्हणजे आपले काम ठरून गेलेल्या पेशींचे केंद्रक वापरून तोच प्रयोग यशस्वी केला. त्याचे शोधनिबंध १९६२ च्या सुमारास प्रसिद्ध झाले. नोबेल पारितोषिकासाठी मात्र त्यांना २०१२ सालापर्यंत थांबावे लागले.

सस्तन प्राण्यांत हे अशक्यच आहे, असे त्यानंतरही बराच काळ मानले जात होते. एडिनबरोजवळच्या रोझलिन इन्स्टिट्यूटमध्ये इयन विल्मट आणि कीथ कॅम्पबेल यांच्या गटाने हा समज मोडून काढला. फिन डॉर्सेट जातीच्या सहा वर्षांच्या मेंढीच्या कासेतील पेशी त्यांनी घेतल्या आणि पोषक द्रव्ये कमी करून त्यांना जवळजवळ उपाशी ठेवले, जेणेकरून त्यांचे विभाजन थांबावे आणि बीजांडाच्या लयीशी त्यांची लय जुळावी. मग केंद्रक काढलेल्या बीजांडाशी अशी एकेक पेशी विजेच्या हलक्या झटक्याने जोडली गेली. अशा २७७ जोडण्यांतून २९ भ्रूण रोपण करण्याजोगे झाले, ते १३ मेंढ्यांच्या गर्भाशयांत सोडण्यात आले, आणि त्यांपैकी एकच कोकरू ५ जुलै १९९६ रोजी जन्माला आले. ती डॉली. तिला जन्म देणारी मेंढी काळ्या तोंडाची, स्कॉटिश ब्लॅकफेस जातीची होती; पांढऱ्या तोंडाचे कोकरू पाहताच ते तिचे स्वतःचे नाही, हे दिसत होते. जगाला ही बातमी फेब्रुवारी १९९७ मध्ये कळली.

डॉली क्लोन असल्यामुळे अकाली म्हातारी होऊन मेली, हे खरे आहे का?

असे म्हणण्यास पुरेसा आधार नाही. १४ फेब्रुवारी २००३ रोजी, साडेसहा वर्षांच्या वयात तिला दयामरण देण्यात आले, त्याचे कारण फुप्फुसातील गाठ होते. ही गाठ मेंढ्यांमध्ये एका विषाणूमुळे होते आणि तो कळपातल्या साध्या मेंढ्यांनाही गाठतो. तिला संधिवात होता हेही खरे. परंतु २०१६ साली नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या संशोधकांनी १३ क्लोन मेंढ्यांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी चार तर डॉलीच्याच पेशीसाठ्यातून तयार झालेल्या होत्या, आणि सात ते नऊ वर्षांच्या वयात त्यांची प्रकृती त्या वयाच्या इतर मेंढ्यांसारखीच आढळली. डॉलीने स्वतः नैसर्गिक पद्धतीने सहा कोकरांना जन्म दिला होता.

क्लोनिंगमधली खरी हानी जन्माच्या आधी आणि लगेच नंतर होते. बहुतेक भ्रूण रुजत नाहीत, काही गर्भ प्रमाणाबाहेर मोठे होतात, काही पिले पहिल्याच आठवड्यात दगावतात. यशाच्या बातमीत या अपयशांचा आकडा शेवटच्या परिच्छेदात असतो किंवा नसतोच.

क्लोन प्राणी मूळ प्राण्यासारखा हुबेहूब दिसतो का?

नेहमी नाही. २००१ साली अमेरिकेत टेक्सासमध्ये पहिले क्लोन मांजर जन्माला आले. मूळ मांजरी तिरंगी होती. पिलाच्या अंगावर नारिंगी रंग आलाच नाही. मादीच्या प्रत्येक पेशीत दोन एक्स गुणसूत्रांपैकी एक बंद पडलेले असते आणि मांजरीचा नारिंगी रंग त्यावर ठरतो. शिवाय गर्भाशयातले वातावरण, पोषण आणि वाढ यांचाही परिणाम होतो. लाडका कुत्रा गेल्यावर त्याची नक्कल करून घेणाऱ्यांना परत मिळतो तो त्याचा जुळा भाऊ. तोच कुत्रा नव्हे.

भारतात प्राण्यांचे क्लोनिंग झाले आहे का?

झाले आहे, आणि ते मुख्यतः हरियाणातील कर्नाल येथील राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत. फेब्रुवारी २००९ मध्ये तिथे म्हशीचे क्लोन पारडू जन्माला आले, पण ते काही दिवसांतच न्यूमोनियाने दगावले. त्याच वर्षी जूनमध्ये जन्मलेली गरिमा मात्र दोन वर्षांहून अधिक जगली. तिच्यानंतरच्या गरिमा-२ हिने २०१३ साली महिमा नावाच्या पारडीला जन्म दिला. या संस्थेने वापरलेली पद्धत हाताने करण्याची आहे : महागड्या सूक्ष्म-उपकरणांऐवजी बीजांडातील केंद्रकाचा भाग बारीक पात्याने कापून वेगळा केला जातो. २०१२ साली काश्मीरमध्ये पश्मिना शेळीचे नूरी हे क्लोन करडू जन्मले, तर मार्च २०२३ मध्ये कर्नाललाच गीर जातीची गंगा ही कालवड जन्मली.

दुधाळ जनावरांच्या नकला काढून शेतकऱ्याचे दूध लगेच वाढेल, अशी अपेक्षा बातम्यांमधून दाखवली जाते, ती सध्या तरी अवास्तव आहे. चांगल्या वळूची नक्कल करून त्याचे वीर्य अधिक काळ उपलब्ध ठेवणे, हा त्यातला पटण्याजोगा उपयोग.

एका सजीवाचे जनुक दुसऱ्यात घालण्याची सुरुवात कशी झाली?

जीवाणूंकडून शिकून. विषाणूने हल्ला केला की काही जीवाणू त्याचा डीएनए ठरावीक जागी कापून टाकतात. या कापणाऱ्या विकरांचा (एन्झाइमांचा) शोध लागला आणि शास्त्रज्ञांच्या हाती कात्री आली. १९७२ साली पॉल बर्ग यांनी दोन वेगळ्या विषाणूंचे डीएनए जोडून दाखवले. पुढच्याच वर्षी स्टॅन्ली कोहेन आणि हर्बर्ट बॉयर यांनी प्लाझ्मिड या जीवाणूतील डीएनएच्या छोट्या वर्तुळात परके जनुक बसवले आणि ते ई. कोलाय या जीवाणूत सोडले. जीवाणू वाढत गेले तसतशा त्या जनुकाच्याही लाखो प्रती होत गेल्या. गंमत अशी की याही क्रियेला ‘जनुकाचे क्लोनिंग’ म्हणतात, त्यामुळे पहिल्या प्रश्नातल्या गोंधळात भर पडते.

धोक्याची जाणीव याच मंडळींना आधी झाली. काही प्रयोग स्वतःहून थांबवून त्यांनी फेब्रुवारी १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातील असिलोमार येथे परिषद भरवली आणि कोणत्या प्रयोगाला किती कडक बंदिस्त प्रयोगशाळा हवी, याचे नियम ठरवले. आपल्याच कामाला लगाम घालणारे संशोधक विज्ञानाच्या इतिहासात फारसे सापडत नाहीत.

त्याचा सामान्य माणसाला काही उपयोग झाला का?

मधुमेहाच्या प्रत्येक रुग्णाच्या घरी झाला. १९८० पर्यंत इन्सुलिन डुकरांच्या आणि गाईंच्या स्वादुपिंडांतून काढले जात असे. डुकराचे इन्सुलिन मानवी इन्सुलिनपेक्षा एका अमिनो आम्लाने वेगळे असते, गाईचे तीन अमिनो आम्लांनी. काही रुग्णांना त्याची ॲलर्जी येई. १९७८ साली ई. कोलायमध्ये मानवी इन्सुलिनच्या दोन साखळ्या वेगवेगळ्या तयार करून नंतर जोडण्यात आल्या आणि १९८२ मध्ये अमेरिकेने या इन्सुलिनला औषध म्हणून मान्यता दिली. बाळांना दिली जाणारी हिपॅटायटिस-बीची लस याच तंत्राने यीस्टमध्ये बनते. हैदराबादमध्ये तयार झालेली पहिली भारतीय लस १९९७ साली बाजारात आली आणि परदेशी लशीच्या किमती उतरल्या. चीज करण्यासाठी पूर्वी वासराच्या जठरातले रेनेट लागे. आज तेच विकर जनुक बदललेल्या सूक्ष्मजीवांपासून मिळते, त्यामुळे शाकाहारी म्हणून विकल्या जाणाऱ्या चीजच्या मागेही अनेकदा हेच तंत्र असते. जीएमला, म्हणजे जनुकीय बदलाला, सरसकट विरोध करणाऱ्यांनी इन्सुलिनच्या कुपीचेही उत्तर दिले पाहिजे.

बीटी कापसातले ‘बीटी’ म्हणजे नेमके काय?

बॅसिलस थुरिंजिएन्सिस या मातीतल्या जीवाणूच्या नावाची ती आद्याक्षरे. रेशीमकिड्यांचा रोग शोधताना १९०१ साली जपानमध्ये तो प्रथम सापडला आणि १९११ मध्ये जर्मनीतील थुरिंजिया भागात पुन्हा सापडून त्याला हे नाव मिळाले. हा जीवाणू स्फटिकरूपात एक प्रथिन तयार करतो. अळीच्या आतड्यात अल्कधर्मी वातावरण असते. तिथे हा स्फटिक विरघळतो, आतड्याच्या पेशींवरील विशिष्ट ग्राहकांना (रिसेप्टरांना) चिकटतो, आतड्याला छिद्रे पडतात आणि अळी खाणे थांबवून मरते. माणसाच्या जठरात आम्ल असते आणि ते ग्राहकही नसतात. कापसाच्या झाडातच या प्रथिनाचे जनुक बसवले की फवारणीची वाट न पाहता झाड स्वतःच ते बनवू लागते.

भारतात मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. जालन्याची महिको कंपनी या व्यवहारात अमेरिकन कंपनीची भागीदार होती. त्याच्या आदल्याच वर्षी गुजरातमध्ये हजारो एकरांवर विनापरवाना बीटी कापूस उभा असल्याचे उघडकीस आले होते, म्हणजे सरकारच्या आधी बाजाराने निर्णय घेतलेला होता. २००६ पासून दोन जनुके असलेले बियाणे आले आणि काही वर्षांतच देशातील बहुतेक कापूस बीटी झाला. हिरव्या बोंडअळीसाठी होणाऱ्या फवारण्या खरोखरच घटल्या, हे विरोधकांनीही मान्य करावे. मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी या रस शोषणाऱ्या किडींवर मात्र बीटीचा काहीच परिणाम होत नाही, ही गोष्ट पाकीट विकताना तितक्या ठळकपणे सांगितली गेली नाही.

बीटी असूनही गुलाबी बोंडअळी का आली?

या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. २०१७ च्या हंगामात विदर्भ आणि मराठवाड्यात शेतकऱ्यांनी वरून चांगली दिसणारी बोंडे फोडली, तर आत सरकी पोखरलेली आणि रुई डागाळलेली निघाली. फुलांत आधीच डोमकळ्या (अळी आत असल्याने न उमललेली फुले) दिसत होत्या, पण बीटीवर भरवसा ठेवलेल्यांपैकी अनेकांनी तिकडे लक्ष दिले नव्हते. अळी बोंडाच्या आत राहते, त्यामुळे बाहेरून मारलेले औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही. त्याच पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले.

कोणतेही एक विष सतत वापरले की त्याला न जुमानणाऱ्या थोड्या किडी मागे उरतात आणि पुढची पिढी त्यांचीच असते. हे टाळण्यासाठी शेताच्या कडेला साध्या कापसाच्या ओळी लावायच्या असतात. तिथे वाढलेले, बीटीला बळी पडणारे पतंग प्रतिकारक पतंगांशी संकर करतात आणि प्रतिकारशक्ती पसरण्याचा वेग मंदावतो. म्हणूनच ४५० ग्रॅम बीटी बियाण्याबरोबर १२० ग्रॅम नॉन-बीटीचे छोटे पाकीट येत असे. ते बहुतेकांनी बांधावर टाकून दिले. दोन-चार एकरांच्या शेतकऱ्याला ‘किडीसाठी ओळी लावा’ म्हणून सांगणे सोपे होते. त्या ओळींचे नुकसान कोणी भरून देणार नव्हते. त्यात लांब मुदतीचे संकरित वाण, पाणी असेल तिथे फेब्रुवारी-मार्चपर्यंत ठेवलेली फरदड (वेचणीनंतर त्याच झाडांवर पुन्हा घेतलेले पीक), जिनिंगमध्ये साठवलेली सरकी आणि शेताच्या कडेला रचलेल्या पऱ्हाट्या, यांमुळे अळीला वर्षभर अन्न आणि निवारा मिळत राहिला. संकरित वाणाच्या बोंडातील काही सरक्यांमध्ये विष असते आणि काहींमध्ये नसते, ही गोष्टही अळीच्या पथ्यावर पडली.

आता अमेरिकेतील ॲरिझोना पाहा. कीड हीच, बीटी तंत्रही हेच. तिथे शेतकऱ्यांनी बरीच वर्षे साध्या कापसाच्या ओळी नेमाने लावल्या, त्यानंतर वंध्य केलेले पतंग विमानातून सोडण्याची मोहीम राबवली गेली, आणि २०१८ साली अमेरिकी सरकारने आपल्या कापूसपट्ट्यातून गुलाबी बोंडअळीचे उच्चाटन झाल्याचे जाहीर केले. जनुक चांगले की वाईट, या प्रश्नाचे उत्तर जनुकात शोधणाऱ्यांनी ॲरिझोना आणि यवतमाळ शेजारी ठेवून पाहावीत. आपल्याकडे आज सांगितले जाणारे उपाय जुनेच आहेत : कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे), कमी मुदतीचे वाण, वेळेत शेत रिकामे करणे.

जीएम बियाण्याला ‘टर्मिनेटर’ जनुक असते, म्हणून ते दरवर्षी विकत घ्यावे लागते का?

नाही. बियाणे वांझ करणाऱ्या तंत्राचे पेटंट १९९८ साली अमेरिकेत दिले गेले, पण ते तंत्र बाजारात कधीच आले नाही, आणि भारताच्या २००१ च्या वाण संरक्षण कायद्यानुसार असे तंत्र असलेल्या वाणाची नोंदणीच होऊ शकत नाही. आपल्याकडचा बीटी कापूस दरवर्षी विकत घ्यावा लागतो, कारण तो संकरित आहे. संकरित ज्वारी किंवा बाजरीच्या घरच्या बियाण्याचे उत्पन्न जसे पुढच्या वर्षी घटते, तसेच याचेही घटते. ऑस्ट्रेलिया किंवा अमेरिकेत बीटी जनुक सरळ (घरचे बियाणे ठेवता येणाऱ्या) वाणांत घातले गेले. भारतात ते संकरित वाणांतच का राहिले, हा प्रश्न जीवशास्त्रापेक्षा व्यापाराशी अधिक जोडलेला आहे.

वांगे, मोहरी आणि ‘चोर बीटी’ यांची स्थिती काय आहे?

बीटी वांग्याला केंद्रीय समितीने ऑक्टोबर २००९ मध्ये मंजुरी दिली आणि फेब्रुवारी २०१० मध्ये तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी त्यावर स्थगिती आणली. तेच वांगे बांगलादेशात २०१४ पासून पिकते. दिल्ली विद्यापीठात विकसित झालेल्या डीएमएच-११ या मोहरीला २०२२ साली पर्यावरणीय मंजुरी मिळाली. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींची त्यावर भिन्न मते पडली. तणनाशक सहन करणाऱ्या एचटीबीटी कापसाला परवानगी नाही, तरी ‘चोर बीटी’ या नावाने तो विदर्भात उघड गुपित आहे. निंदणीला मजूर मिळत नाहीत, मिळाले तर परवडत नाहीत, हे त्यामागचे कारण. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातील अकोली जहांगीर येथे शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी ते बियाणे जाहीरपणे पेरून कायदेभंग केला. बिनपावतीच्या पाकिटात फसवणूक झाली तर दाद कुठे मागायची, हा प्रश्न मात्र त्या पेरणीने सुटला नाही.

जीएम अन्न खाणे सुरक्षित आहे का?

अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०१६ साली उपलब्ध अभ्यासांचा मोठा आढावा घेतला. बाजारात असलेल्या जीएम पिकांमुळे मानवी आरोग्याला साध्या पिकांपेक्षा अधिक धोका असल्याचा ठोस पुरावा त्यात आढळला नाही. हे विधान तपासलेल्या पिकांपुरते आहे. नव्या पिकाची तपासणी नव्यानेच व्हायला हवी. आपण जीएम खात नाही, असे मानणाऱ्यांनी सरकीचे तेल आणि अर्जेंटिना-ब्राझीलमधून येणारे सोयाबीन तेल विसरू नये.

क्रिस्पर म्हणजे काय? तेही जीएमच आहे का?

२०१२ साली जेनिफर डाउडना आणि इमॅन्युएल शार्पेंटिये यांनी जीवाणूंच्या बचावयंत्रणेपासून डीएनएची हवी तीच जागा शोधून कापणारी कात्री तयार केली. २०२० चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले. बाहेरचे जनुक न घालता असलेलेच जनुक दुरुस्त करता येते, म्हणून भारताने २०२२ साली अशा काही वनस्पतींना जीएम पिकांच्या कडक नियमांतून सूट दिली, आणि मे २०२५ मध्ये जनुक-संपादित भाताचे दोन वाण जाहीर झाले.

महाराष्ट्राच्या दृष्टीने याहून जवळचा विषय सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा आहे. नंदुरबार आणि गडचिरोलीसह एकूणच विदर्भातील आदिवासी व इतर काही समाजांत हा आजार पिढ्यांपासून आहे. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेने त्यावरील क्रिस्पर उपचाराला मान्यता दिली : रुग्णाच्या रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी बाहेर काढून, जन्मानंतर बंद पडणारे गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पुन्हा सुरू होईल असा बदल करून, त्या परत दिल्या जातात. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर ठेवली गेली. गडचिरोलीतल्या एटापल्लीच्या मुलापर्यंत ही गोष्ट पोहोचण्यासाठी विज्ञानाखेरीज बरेच काही घडावे लागेल.

माणसाचे क्लोनिंग झाले आहे का?

नाही. तसे दावे अनेकदा झाले, पुरावा कधीच आला नाही. २००४-०५ मध्ये मानवी भ्रूण क्लोन करून मूळ पेशी मिळवल्याचा दक्षिण कोरियातील ह्वांग वू-सुक यांचा दावा बनावट माहितीवर आधारलेला निघाला. २०१८ मध्ये चीनच्या ह च्यान्कुई यांनी ज्या जुळ्या मुली जन्माला घातल्या, त्या क्लोन नव्हत्या, त्यांच्या भ्रूणांत क्रिस्परने बदल केला होता; या कृत्याबद्दल ह यांना तीन वर्षांची शिक्षा झाली.

नामशेष झालेले प्राणी क्लोनिंगने परत आणता येतील का?

जिवंत राखलेल्या पेशी आणि गर्भ वाढवणारी जवळच्या जातीची मादी, ही दोन्ही असतील तर प्रयत्न करता येतो. स्पेनमधील बुकार्डो ही रानशेळी २००० साली नामशेष झाली. २००३ मध्ये तिचे क्लोन पिलू जन्मले आणि फुप्फुसातील दोषामुळे काही मिनिटांतच गेले. अमेरिकेत १९८८ पासून गोठवून ठेवलेल्या पेशींतून २०२० साली काळ्या पायांचे फेरेट मात्र जन्मले आणि जगले. डायनोसॉरच्या पेशी उरलेल्याच नाहीत, त्यामुळे तो विषय चित्रपटांवर सोडलेला बरा.

भारतात चित्त्याच्या बाबतीत हा विचार गांभीर्याने झाला होता. हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्राने आशियाई चित्त्याचे क्लोनिंग करण्याची योजना मांडली, पण त्यासाठी इराणमधील चित्त्यांच्या पेशी लागणार होत्या आणि इराणने त्या दिल्या नाहीत. सप्टेंबर २०२२ मध्ये कुनोच्या जंगलात जे चित्ते सोडण्यात आले, ते आफ्रिकी उपजातीचे होते आणि नामिबियातून विमानाने आले होते.